नेतृत्वाच्या आधी करार

इस्लामी मूल्यांवर आधारलेले व्यवसाय-व्यवस्थापन म्हणजे नेमके काय शिकवतात आणि ते मुलींनी शिकून काय होते, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात सहसा दोनपैकी एक चित्र असते. काहींना वाटते की हे नेहमीचेच एमबीए असावे, फक्त मुलींचा वर्ग वेगळा, पेहराव ठरलेला आणि नमाजच्या वेळी सुट्टी. इतरांना वाटते की सुरुवातीला प्रेषित मुहंमदांच्या पत्नी हजरत खदीजांची कथा सांगायची आणि पुढे इतर कोणत्याही नेतृत्व-शिबिरात सांगतात तेच सांगायचे. दुसरे चित्र दुर्दैवाने अगदीच खोटे नाही. अशा अभ्यासक्रमांची माहितीपत्रके मी पुष्कळ वाचली आहेत आणि त्यांतील बरीच या वर्णनात चपखल बसतात. मात्र मी मलेशियात जे शिकले, त्यातला खरा ऐवज करारांच्या शास्त्रात होता, आणि स्त्रियांच्या दृष्टीने तर तो तिथेच होता. नेतृत्वाचा विचार त्यानंतर येतो, असे माझे मत अजूनही आहे.

मलेशियाच का, हेही सांगितले पाहिजे. तिथे इस्लामी वित्तव्यवस्थेचा उगम हजच्या बचतीत आहे. खेड्यापाड्यांतील मलय शेतकरी हजसाठी पैसे साठवत, पण बँकेच्या व्याजाचा विटाळ नको म्हणून ते घरातच ठेवत, किंवा ऐनवेळी जमीन आणि जनावरे विकून प्रवासाला निघत. परत आल्यावर त्यांच्याकडे उत्पन्नाचे साधन उरत नसे. उंगकु अझीझ या अर्थशास्त्रज्ञाने १९५९मध्ये यावर उपाय सुचवला: लोकांची बचत एकत्र करावी, ती व्याजाविना गुंतवावी आणि नफा वाटून द्यावा. त्यातून १९६३मध्ये सुरू झालेली संस्था पुढे ‘ताबुंग हाजी’ म्हणून ओळखली गेली. १९८३मध्ये इस्लामी बँकिंगचा कायदा झाला, त्याच वर्षी ‘बँक इस्लाम’ सुरू झाली आणि आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले. म्हणजे तिथे हा विषय आधी बाजारात आला आणि मग वर्गात. जे शिकवले जाते ते दुसऱ्या दिवशी एखाद्या बँकेच्या शाखेत जाऊन पडताळून पाहता येते, आणि ही सोय इतरत्र क्वचितच मिळते.

फिकहच्या (इस्लामी विधिशास्त्राच्या) तासाला पहिला अभ्यासविषय हजरत खदीजांचाच होता, पण तो ज्या रीतीने घेतला गेला त्यात प्रेरणेला फारशी जागा नव्हती. मक्केच्या व्यापारात भांडवल असलेली स्त्री स्वतः काफिल्याबरोबर सीरियाला जात नसे. ती माल सोपवून माणसे पाठवत असे. खदीजांनी मुहंमद (स.) यांना, त्यांना प्रेषित्व मिळण्याच्या कितीतरी आधी, आपला माल घेऊन पाठवले आणि बरोबर मैसरा हा आपला गुलामही दिला. परतल्यावर मैसराने प्रवासाचा आणि व्यवहाराचा वृत्तान्त तिला सांगितला. एवढ्यावर आम्हाला विचारले गेले की हा करार कोणता? सीरतच्या (प्रेषितांच्या चरित्राच्या) काही वर्णनांत नफ्यातील हिश्शाचा उल्लेख आहे, तर काहींत उंटांच्या रूपात ठरलेल्या मेहनतान्याचा. पहिले खरे मानले तर हा मुदारबा झाला: भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे, नफ्याचे प्रमाण आधी ठरलेले, आणि तोटा झाला तर तो पूर्णपणे भांडवलदाराचा, कारण श्रम करणाऱ्याने आपले श्रम आधीच गमावलेले असतात. दुसरे खरे मानले तर ही केवळ मजुरी झाली, मग नफा होवो वा तोटा, ठरलेले उंट द्यावेच लागणार. या दोन वाचनांत जोखीम कोणाची, हा प्रश्न संपूर्ण बदलतो. मैसराचे बरोबर जाणे म्हणजे तर दूरवरच्या प्रतिनिधीवर देखरेख कशी ठेवावी, हा व्यवस्थापनशास्त्राचा आजही न सुटलेला प्रश्न. एका आदरणीय स्त्रीची कथा अशा रीतीने उलगडली की तिचा आदर कमी होत नाही. उलट ती प्रथमच एक व्यापारी म्हणून दिसू लागते.

मुदारब्यातील एक नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नफा ठरावीक रकमेत बांधता येत नाही, तो प्रमाणातच सांगावा लागतो. आमच्या कोकणात आखातातून आलेला पैसा घरातील स्त्रीच्या हाती असतो आणि ती तो दिरा-भावांच्या धंद्यात ‘दरमहा इतके दे’ अशा तोंडी बोलीवर गुंतवते. धंदा बुडाला की मुद्दलही जाते आणि नातेही. त्या स्त्रीला कोणीतरी वेळीच सांगायला हवे की दरमहा ठरावीक रकमेची हमी घेऊन तू भागीदार होत नाहीस, तू व्याजाने पैसे देतेस. भागीदार व्हायचे असेल तर हिशेब पाहण्याचा हक्क मागून घे आणि तोट्याचीही तयारी ठेव.

येथून आम्ही सूरह (अध्याय) बकराच्या २८२व्या आयतीकडे (वचनाकडे) गेलो. कुरआनातील सर्वांत लांब आयत हीच, आणि तिचा विषय उपासना नसून उधारीचा कागद आहे. मुदतीचे देणे असेल तर ते लिहून ठेवा, लेखनिकाने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे ती सांगते. मजकूर कोणी सांगावा, याचेही उत्तर तीत आहे: ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे कर्जाच्या कागदाचे शब्द ऋणकोचे असावेत. आजच्या कोणत्याही बँकेचा कर्जाचा अर्ज समोर ठेवा, मग तो इस्लामी बँकेचा का असेना, आणि त्यातील शब्द कोणाचे आहेत ते पाहा.

पण याच आयतीत दोन पुरुष साक्षीदार न मिळाल्यास एक पुरुष आणि दोन स्त्रिया, असेही म्हटले आहे. व्यवसाय शिकायला आलेल्या मुलींच्या वर्गात हे वाक्य ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि जे अभ्यासक्रम ते ओलांडून जातात त्यांच्याबद्दल मला शंका वाटते. आमच्या वर्गात यावर मोठा वाद झाला. चौदाव्या शतकातील इब्न अल-कय्यिम यांच्यासारख्या फकीहाचे (फिकहच्या पंडिताचे) म्हणणे असे, की ही आयत सावकाराला आपला हक्क सुरक्षित कसा राखावा याची उत्तम पद्धत सांगते, न्यायाधीशाने कोणता पुरावा मान्य करावा याची मर्यादा घालत नाही. आधुनिक काळातील अनेक विद्वान त्या काळी स्त्रियांचा लिखित व्यापारी व्यवहारांशी संबंध कमी होता, या कारणाकडे बोट दाखवतात. परंपरेतील बहुसंख्य फकीहांनी मात्र ती साक्षीची अट म्हणूनच वाचली, हेही तितकेच खरे. मला पहिले मत पटते, पण ते मला पटते म्हणून ते बहुमत होत नाही, आणि विद्यार्थिनीला ही सर्व मते त्यांच्या बळासह माहीत असली पाहिजेत, अन्यथा उद्या एखाद्या बैठकीत कोणी हे वाक्य तिच्यासमोर टाकले की ती निरुत्तर होईल.

मालमत्तेच्या बाबतीत असा पेच नाही. विवाहित स्त्रीची कमाई, तिचा मेहर, तिचा वारसा हे तिचे स्वतःचे, पतीचा त्यावर हक्क नाही, हे सर्व मजहब (फिकहचे पंथ) मान्य करतात. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला आपल्या नावाने मालमत्ता ठेवण्याचा हक्क १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी मिळाला. ही तुलना मुस्लिम व्याख्याते फार आवडीने करतात. त्यापाठोपाठ हेही विचारावे असे मला वाटते की कागदावरचा हा हक्क किती घरांत प्रत्यक्षात उतरतो. बहिणीने वारशाचा हिस्सा मागितला तर भावाचे घर तिला बंद होते, हा अनुभव आपल्याकडे हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांत सारखाच आहे.

आता नेतृत्वाकडे. येथे दोन प्रसंग मला आजही उपयोगी पडतात. पहिला मक्केजवळच्या हुदैबियाचा, सन ६२८चा. मक्केकरांशी तह झाला होता, उमरा (मक्केची लहान यात्रा) न करताच परतायचे होते आणि सहकारी इतके खिन्न झाले होते की प्रेषितांनी (स.) कुर्बानी करून केस उतरवण्यास तीनदा सांगूनही कोणी उठेना. ते तंबूत गेले आणि त्यांनी पत्नी हजरत उम्मे सलमा यांना हे सांगितले. त्यांचा सल्ला असा होता: बाहेर जा, कोणाशी एक शब्दही बोलू नका, स्वतःची कुर्बानी करा आणि न्हाव्याला बोलावून केस उतरवा. तसे करताच सर्वजण उठले. हा प्रसंग बुखारींच्या हदीसांच्या (प्रेषितांच्या वचन-आचरणाच्या नोंदींच्या) संग्रहात आहे. आज्ञा चौथ्यांदा देऊन काही साधणार नाही, हे ओळखणारी बुद्धी आणि ती मान्य करणारे नेतृत्व, या दोन्हींचा हा पाठ आहे. दुसरा प्रसंग सूरह नमलमधील सबाच्या राणीचा. सुलेमानचे पत्र येताच ती दरबाऱ्यांना म्हणते की तुमच्या उपस्थितीवाचून मी कोणताही निर्णय घेत नाही. दरबारी आपल्या बळाची आठवण देतात आणि निर्णय तिच्यावर सोडतात. ती युद्धाचे परिणाम मांडते आणि आधी भेट पाठवून अंदाज घेते. सल्लामसलतीच्या, म्हणजे ‘शूरा’च्या, नावाची एक सूरह कुरआनात आहे, तरी या राणीइतके तिचे सजीव उदाहरण मला दुसरे आढळले नाही. स्त्रीला राज्यकर्ती करणारे लोक यशस्वी होणार नाहीत, ही हदीसही अर्थातच वर्गात आली. ती इराणच्या खुस्रोची मुलगी गादीवर बसल्याच्या बातमीवर उच्चारली गेली होती, म्हणून तिचा अर्थ त्या राज्यापुरता घ्यावा की सार्वत्रिक नियम म्हणून, यावर विद्वानांत मतभेद आहेत. कंपनी किंवा विद्यापीठ चालवण्यास ती लागू होते असे मलेशियात तरी प्रत्यक्ष व्यवहारात कोणी मानत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठाच्या कुलगुरुपदी २०११मध्ये झलेहा कमरुद्दीन आल्या, तेव्हा त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

संघटन कसे उभारावे, यासाठी मला सर्वाधिक शिकवले ते नाना अस्माऊ यांनी. या १७९३ ते १८६४ या काळातील पश्चिम आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या उत्तर नायजेरियाच्या. सोकोटो खिलाफत स्थापन करणारे उस्मान दान फोदिओ यांची ही मुलगी अरबी, फुलफुल्दे आणि हौसा भाषांत काव्य रचत असे. युद्धांनंतर नव्याने वसलेल्या प्रदेशात खेड्यांतील स्त्रियांपर्यंत शिक्षण कसे पोहोचवायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. तिने त्यासाठी जी रचना केली ती ‘यान तारू’ या नावाने ओळखली जाते. प्रत्येक भागात ‘जाजी’ म्हणजे एक प्रमुख स्त्री नेमायची, तिला अधिकाराची खूण म्हणून विशिष्ट प्रकारची टोपी आणि लाल पट्टी द्यायची. त्या जाजीने आपल्या भागातील वयस्क स्त्रिया आणि लहान मुलींचा गट घेऊन अस्माऊकडे यायचे, धडे घ्यायचे आणि परतून घराघरांत पोहोचवायचे. लेकुरवाळ्या स्त्रियांना प्रवास शक्य नव्हता, म्हणून शिक्षण त्यांच्या दारी जात होते. धडे पद्यात, कारण पद्य पाठ होते आणि वाटेत विसरत नाही. त्या टोपीकडे मला पुन्हा पुन्हा लक्ष वेधावेसे वाटते. ज्यांच्या हाती कोणतेही पद नाही अशा स्त्रियांना आपण काम देतो पण अधिकाराची खूण देत नाही, आणि मग त्यांचे कोणी ऐकत नाही अशी तक्रार करतो. आपल्याकडील आशा कार्यकर्तींना विचारून पाहावे. नेतृत्वाच्या वर्गात खदीजांनंतर लगेच अस्माऊंचे नाव यायला हवे होते, पण ते बहुतेक ठिकाणी येतच नाही.

मदीनेच्या बाजारावर शिफा बिन्त अब्दुल्ला यांची देखरेख होती, अशीही एक रिवायत (परंपरेने आलेली नोंद) फार सांगितली जाते. ती इब्न हझ्म यांनी नोंदवली आहे आणि मालिकी फकीह इब्न अल-अरबी यांनी नाकारली आहे. वादग्रस्त आधारावर इमारत उभी करू नये, म्हणून मी ती युक्तिवादात वापरत नाही.

या अभ्यासात मला अस्वस्थ करणारा भाग होता तो तवर्रुकचा, आणि त्याची चर्चा जिथे मोकळेपणाने होते तो अभ्यासक्रम चांगला, अशी माझी कसोटी आहे. तवर्रुकमध्ये ग्राहकाला रोख रक्कम हवी असते. बँक बाजारातून पामतेल विकत घेते, ते ग्राहकाला मुदतीवर चढ्या किमतीने विकते आणि ग्राहकाच्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीने विकून टाकते. ग्राहकाच्या हाती रोकड येते आणि पुढे त्याने अधिक रक्कम द्यायची असते. तेलाचा थेंबही त्याने पाहिलेला नसतो. २००९मध्ये क्वालालंपूरमध्ये अशा सौद्यांसाठी ‘बुर्सा सूक अल-सिला’ हे स्वतंत्र व्यासपीठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने संघटित तवर्रुक वैध नसल्याचा निर्णय दिला. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेची शरीयत सल्लागार परिषद मात्र तो ग्राह्य मानते. कराराचा प्रत्येक टप्पा निर्दोष असू शकतो आणि तरीही एकूण परिणाम व्याजाच्या कर्जाहून वेगळा दिसत नाही. माझ्या मते हे पळवाट काढणेच आहे, जरी मी ज्यांच्याकडे शिकले त्यांतील काहींना हे विधान रुचणार नाही. मात्र हे विधान करण्याची पात्रता मला कराराचे टप्पे शिकल्यामुळेच आली. केवळ ‘मूल्ये’ शिकले असते तर पामतेलाचा उल्लेख आला की मान डोलावून गप्प बसले असते.

आणि म्हणूनच मी मुलींना फिकह शिकण्याचा आग्रह धरते. मलेशियात १९९७मध्ये मध्यवर्ती बँकेने शरीयत सल्लागार परिषद नेमली. २००९च्या कायद्यानंतर तिचे निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक झाले. अशा परिषदेत बसणारी व्यक्ती व्यवस्थापकाहून अधिक ठरवते. तिथे एंगकु राबिआ अदाविआ यांच्यासारख्या स्त्रिया पोहोचल्या, त्या कायदा आणि फिकह या दोहोंवरील प्रभुत्वाच्या बळावर. दुसरीकडे झेती अख्तर अझीझ २००० ते २०१६ अशी सोळा वर्षे त्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नर होत्या, आणि त्यांच्याच काळात, २००२मध्ये, मलेशियाने ६० कोटी डॉलरचे सरकारी सुकूक (व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नावर आधारलेले रोखे) आंतरराष्ट्रीय बाजारात आणले. (त्या उंगकु अझीझ यांच्या कन्या. ताबुंग हाजीची कल्पना वडिलांची आणि सुकूकचा बाजार मुलीच्या कारकिर्दीत, असा हा एका घरातील इतिहास आहे.) एकीकडे कराराला वैध ठरवणारी विदुषी आणि दुसरीकडे बाजार घडवणारी प्रशासक. अभ्यासक्रम दुसरीचे स्वप्न दाखवतात आणि पहिलीची तयारी करून घेत नाहीत.

सौदी अरेबियाचा मार्ग निराळा आहे. जेद्दाहमध्ये राणी इफ्फत यांनी १९५५मध्ये मुलींची शाळा काढली आणि १९९९मध्ये मुलींचे खासगी महाविद्यालय सुरू झाले, जे आज इफ्फत विद्यापीठ आहे. तिथे प्रश्न प्रामुख्याने प्रवेशाचा होता. पुरुष पालकाच्या संमतीवाचून स्त्रीला स्वतःचा व्यवसाय सुरू करता येईल, अशी मोकळीक तेथील सरकारने २०१८मध्ये जाहीर केली.

भारतात हे शिकून काय करावे? बँकेचा मार्ग बंद आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९४९च्या बँकिंग नियमन कायद्याचे आठवे कलम बँकांना मालाची खरेदी-विक्री करण्यास मनाई करते, त्यामुळे माल घेऊन नफ्यावर विकण्याचा मुराबहा येथील बँक करूच शकत नाही. रघुराम राजन समितीने २००८मध्ये व्याजविरहित बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. शेअर बाजारात थोडी वाट आहे. मुंबई शेअर बाजाराने २०१०मध्ये शरीयतसंमत ५० कंपन्यांचा निर्देशांक काढला, आणि मद्य, तंबाखू, व्याजाचा धंदा व अतिरिक्त कर्जे असलेल्या कंपन्या गाळण्याचे काम जाणणाऱ्यांची गरज म्युच्युअल फंडांना असते.

खरे काम माझ्या मते याहून खालच्या पातळीवर, स्त्रियांच्या हाती आधीच असलेल्या व्यवहारांत आहे. आमच्या मोहल्ल्यात माझी खाला (मावशी) वर्षानुवर्षे भिशी चालवते. बाराजणी, प्रत्येकी हजार रुपये, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. यात कोणी कोणाला जादा देत नाही, त्यामुळे हे परस्परांना दिलेले निर्व्याजी कर्ज आहे आणि शरीयतची त्याला हरकत असण्याचे कारण नाही. लिलावाची भिशी मात्र निराळी. तीत गरजू बाई बाराच्या ऐवजी दहा हजारांवर समाधान मानते आणि उरलेले दोन हजार इतरजणींत वाटले जातात. ते दोन हजार म्हणजे तिने लवकर पैसे मिळण्यासाठी मोजलेले मोल. खालाला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अगं, म्हणूनच तर मी चिठ्ठीच काढते. अडलेल्या बाईच्या पदरातून घेऊन कोणाचं भलं झालंय?” तिने फिकहचे पुस्तक उघडलेले नाही.

बचत गटांचा प्रश्न अधिक अवघड आहे. अनेक गटांत सदस्यांना दरमहा शेकडा दोन दराने कर्ज दिले जाते आणि त्यामुळे काही मुस्लिम स्त्रिया गटात येतच नाहीत, किंवा येतात आणि मनात सल बाळगतात. मलेशियात १९८७मध्ये सुरू झालेल्या ‘अमाना इख्तियार’ संस्थेने बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचा नमुना घेतला आणि व्याजाच्या जागी व्यवस्थापन शुल्क ठेवले. तिच्या कर्जदारांत जवळजवळ सर्व स्त्रियाच आहेत. शुल्क खर्चाइतकेच असावे की रकमेच्या टक्केवारीत, यावर पुन्हा फिकहचा वाद आहेच. पण आपल्या गटांना याहून सोपा पर्याय उपलब्ध आहे: गटाने शिलाई यंत्र किंवा शेळ्या स्वतः विकत घ्याव्यात, मूळ किंमत उघड सांगून ठरलेल्या नफ्याने सदस्येला हप्त्यांवर द्याव्यात आणि हप्ता चुकला तरी किंमत वाढवू नये. बँकेला जे कायद्याने करता येत नाही, ते गटाला करता यावे, पण त्यासाठी गटाच्या हिशेबाची वही वेगळ्या रकान्यांनी आखावी लागेल, खरेदीची पावती गटाच्या नावावर घ्यावी लागेल, आणि यंत्र सदस्येच्या ताब्यात जाण्यापूर्वी मोडले तर तो तोटा गटाने सोसावा लागेल. ही शेवटची अट ऐकली की बहुतेक गटांच्या अध्यक्षा थबकतात. तोटा सोसायचा नसेल तर नफाही घेता येत नाही, हे त्यांना समजावून सांगण्यात सध्या माझा बराच वेळ जातो.